परभाषेतील दिग्दर्शक : एलिस डंगन ह्यांचे तमिळ बोलपट

कुंभकोणमजवळील तिरुविडैमरुदूर हे गाव मराठी इतिहासाच्या अभ्यासकाला ‘मध्यार्जुन’ ह्या नावाने परिचित आहे. १७९८ साली तंजावरच्या गादीवरून दूर केले गेलेले अमरसिंह येथेच राहिले. ह्याच गावच्या गोटुवाद्यवादक सखाराम राव ह्यांच्यापाशी सेम्मंगुडी श्रीनिवास अय्यर काही काळ शिकले, आणि सेम्मंगुडींचे मार्गदर्शन पुढे एम. एस. सुब्बुलक्ष्मी ह्यांना लाभले. त्यांच्या ‘मीरा’ ह्या बोलपटाशी मराठी रसिकाचे नाते असे दूरचे, परंतु खरे आहे. तथापि आपल्याकडे ‘मीरा’ची जी चर्चा होते ती बहुधा १९४७ च्या हिंदी आवृत्तीची. १९४५ चा मूळ तमिळ बोलपट क्वचितच दाखविला जातो, आणि त्याच्या अमेरिकन दिग्दर्शकाचे अन्य बोलपट तर त्याहूनही विरळ.

एलिस आर. डंगन १९३५ साली भारतात आले. चित्रपटकलेचे शिक्षण त्यांनी कॅलिफोर्नियात घेतले होते. ‘सती लीलावती’ (१९३६) ते ‘मंत्रिकुमारी’ (१९५०) एवढ्या कालखंडात त्यांनी तमिळ बोलपट दिग्दर्शित केले. पण तमिळ भाषा त्यांना अवगत नव्हती. ज्याला संवाद कळत नाही त्याने बोलपट घडवावा, ह्यात काही विसंगती आहे काय?

भाषांतराच्या अनुभवावरून ह्या प्रश्नाकडे पाहता येईल. मूळ भाषा न जाणता, दुसऱ्याने सांगितलेल्या अर्थावरून भाषांतर करणाऱ्याला शब्दाचा नाद आणि त्यामागचे संस्कार पारखे असतात. परंतु रचनेचा तोल त्याला पारखता येतो. डंगन ह्यांचे सामर्थ्य आणि मर्यादा नेमक्या येथे आहेत. कंबराचा पुत्र आणि चोळ राजकन्या ह्यांच्या प्रेमाची कथा सांगणाऱ्या ‘अंबिकापति’त (१९३७) ‘रोमिओ आणि ज्युलिएट’ची छाया आहे, ती तमिळ वाटते ती इळंगोवन ह्यांच्या संवादांमुळे. ‘मंत्रिकुमारी’त टी. आर. सुंदरम् सहदिग्दर्शक होते आणि संवाद मु. करुणानिधींचे. तेथे वाणीचा प्रभाव इतका प्रबळ आहे की दिग्दर्शक मागे सरतो. मात्र डोंगरकड्यावर पत्नीचा घात करू पाहणाऱ्या पतीला ती प्रदक्षिणेच्या निमित्ताने मागे जाऊन खाली लोटते, तो प्रसंग शब्दांवर अवलंबून नाही. उंची, चाल आणि विलंब ह्यांनीच तो उभा राहतो.

‘मीरा’त ही दृष्टी परिपक्व झाली. सुब्बुलक्ष्मींच्या मुखाचा प्लास्टरचा पुतळा करवून डंगन आणि छायालेखक जितेन बॅनर्जी ह्यांनी त्यावर निरनिराळी प्रकाशयोजना आजमावली होती. लहान मीरा गाता गाता तरुण होते, त्या स्थित्यंतराला निवेदनाची गरज भासत नाही. ज्याला शब्द परके, त्याने मुद्रा आणि स्वर ह्यांवर भिस्त ठेवली. भक्तीच्या विषयाला ही मर्यादाच उपकारक ठरली.

हिंदी आवृत्तीत बहुशः मीरेचीच म्हणून मानली जाणारी भजने आहेत. तमिळ आवृत्तीतील पदे पापनाशम् शिवन् आणि कल्कि ह्यांनी नव्याने रचली. म्हणजे तमिळ ‘मीरा’ हे राजस्थानी संतवाणीचे द्राविड रूपांतर होय, आणि ते पाहिल्यावाचून केवळ हिंदी आवृत्तीवरून दिलेला निर्णय अपुरा ठरतो. हिंदीत सुब्बुलक्ष्मी परभाषेत गातात. तमिळमध्ये परका आहे तो दिग्दर्शक.

‘मंत्रिकुमारी’चे कथाबीज ज्यातून आले ते ‘कुंडलकेशी’ हे बौद्ध महाकाव्य लुप्त झाले आहे. इतरांनी उद्धृत केलेल्या काही पद्यांतूनच ते उरले. काव्य असे अवतरणांतून काही अंशी तरी वाचते. चित्रपटाचे तसे नाही : प्रकाश आणि गती ह्यांचे अवतरण टीकालेखात देता येत नाही. म्हणूनच जे बोलपट अद्याप उपलब्ध आहेत, ते दाखविणे ही टीकेची पूर्वअट होय. तोवर डंगन ह्यांना ‘भाषा न जाणणारा साहेब’ म्हणून नवलाचा विषय करणे, किंवा तमिळ बोलपटाचा शिल्पकार म्हणून गौरविणे, दोन्ही ऐकीव मतेच ठरतील.