अल्पखर्ची वेस्टर्न चित्रपट : गुण आणि दोष

अल्प भांडवलात निर्माण झालेल्या अमेरिकन वेस्टर्न चित्रपटांविषयी सामान्यतः दोन प्रकारची मते आढळतात. एक पक्ष त्यांना पोरकट करमणूक म्हणून बाजूस सारतो. दुसरा त्यांच्या दारिद्र्याकडे कौतुकाने पाहून त्यांचे सर्व अपराध पोटात घालतो. दोन्ही पक्षांचे एका बाबतीत मात्र एकमत असते. खर्चातील काटकसर ही कलाकृतीच्या बाहेरची गोष्ट आहे, असे दोघेही धरून चालतात. हे गृहीतच तपासून पाहण्याजोगे आहे. काटकसर म्हणजे निवड. काय ठेवावे आणि काय वगळावे, याचा तो निवाडा असतो. आणि या चित्रपटांचे गुण व दोष दोन्ही त्या निवाड्यातूनच उद्भवतात.

या निवाड्याची सक्ती प्रथम व्यवसायाने केली. १९३० नंतरच्या मंदीच्या काळात अमेरिकेतील चित्रपटगृहांतून एका तिकिटात दोन चित्रपट दाखविण्याची प्रथा रूढ झाली. मुख्य चित्रपटाच्या उत्पन्नातील हिस्सा निर्मात्यास मिळे. दुय्यम चित्रपट मात्र बहुधा ठरावीक भाड्याने दिला जाई. उत्पन्नाची मर्यादा अशी आधीच ठरलेली असल्यामुळे नफा खर्च आवरण्यावरच अवलंबून राही. मोनोग्राम आणि १९३५ साली स्थापन झालेली रिपब्लिक यांसारख्या संस्थांना वेस्टर्न सोयीचा वाटला तो यामुळेच. डोंगर आणि ऊन फुकट मिळत, पोशाख जुनेच चालत आणि एकदा चित्रित केलेला पाठलाग दुसऱ्या चित्रपटातही जोडता येई.

जॉन वेन नायक असलेला ‘रँडी राइड्स अलोन’ (१९३४) हा जेमतेम तासाभराचा चित्रपट या पद्धतीचा प्रातिनिधिक नमुना मानता येईल. प्रारंभी नायक एका मद्यगृहात शिरतो. आतून वाद्याचे सूर ऐकू येत असतात. पण वाजविणारा कोणी नसतो. यांत्रिक पियानो आपोआप चालू असतो आणि भोवती प्रेते पडलेली असतात. एक खोली, एक वाद्य आणि मौन एवढ्या सामग्रीतून निर्माण झालेली ही भयाणता पुष्कळ खर्चिक चित्रपटांनाही साधलेली नाही. परंतु त्यानंतर चित्रपट नेहमीच्या वाटेने जातो. घोडदौड, मारामारी, पुन्हा घोडदौड असा क्रम चालतो आणि प्रारंभीच्या मृतांचे कोणालाच काही वाटेनासे होते. येथे काटकसर केवळ योगायोगाने कलेस उपकारक ठरली आहे.

तिला जाणीवपूर्वक शैलीचे रूप मिळाले ते पुढे, दूरचित्रवाणीने दुय्यम चित्रपटांचा प्रेक्षक ओढून नेल्यानंतरच्या काळात. दिग्दर्शक बड बेटिकर, नट रँडॉल्फ स्कॉट आणि लेखक बर्ट केनेडी यांच्या ‘सेव्हन मेन फ्रॉम नाउ’ (१९५६) या चित्रपटाची फ्रेंच समीक्षक आंद्रे बाझाँ यांनी १९५७ साली मुक्तकंठाने प्रशंसा केली. याच तिघांचे ‘राइड लोनसम’ (१९५९) आणि ‘कोमँची स्टेशन’ (१९६०) हे चित्रपट प्रत्येकी सव्वा तासाच्या आतले आहेत. दोन्ही कॅलिफोर्नियातील लोन पाइन गावानजीकच्या खडकाळ टेकड्यांत चित्रित झाले आहेत. चार-पाच माणसे, काही घोडे आणि एक प्रवास एवढाच त्यांचा संसार.

‘कोमँची स्टेशन’मध्ये कोमँचींच्या ताब्यातील एका विवाहितेला सोडवून नायक तिच्या घरी पोहोचवितो. तिच्या पतीने पाच हजार डॉलरांचे बक्षीस लावलेले असते. पण तो स्वतः का आला नाही, हा प्रश्न वाटेत सर्वांच्या मनात घोळत राहतो आणि त्याच्या भ्याडपणाविषयी प्रेक्षकाचेही मत बनत जाते. अखेरीस पती दारात येतो. तो अंध आहे. नायक बक्षीस न घेता निघून जातो. एकाही स्पष्टीकरणावाचून आधीचा सारा न्यायनिवाडा उलटतो. अशा ठिकाणी काटकसर हा संयमाचाच दुसरा प्रकार ठरतो.

परंतु जे वगळले गेले त्याचाही हिशेब मांडला पाहिजे. ‘राइड लोनसम’मध्ये मेस्कलेरो टोळीचे लोक येतात, एका स्त्रीच्या मोबदल्यात घोडा देऊ करतात आणि तो घोडा तिच्या मारल्या गेलेल्या पतीचा आहे हे पाहून ती किंचाळते. प्रसंग परिणामकारक आहे. पण त्या लोकांना येथे नाव नाही, हेतू नाही, संकटापलीकडचे अस्तित्वच नाही. दुसऱ्या चित्रपटातील कोमँचींची गत याहून वेगळी नाही. ही जमात वस्तुतः दक्षिणेकडील सपाट गवताळ प्रदेशात राहणारी. चित्रपटात ती सिएरा नेवाडाच्या पायथ्याशी खडकांआडून प्रकटते. १८७५ साली क्वाना पार्करसह तिच्या अखेरच्या गटांना फोर्ट सिल येथे शरण जावे लागले. या पराभवामागील दुःखाची पुसट छायाही पडद्यावर पडत नाही. स्त्रीपात्रांच्या वाट्यालाही बहुधा इतरांच्या प्रवासाचे निमित्त होणे एवढेच येते.

भांडवलाच्या अभावी हे अपरिहार्य होते, असा बचाव केला जातो. तो टिकणारा नाही. ‘राइड लोनसम’मधीलच बून या गुन्हेगाराला क्षमादान मिळवून शेतीवाडी करावयाची आहे. त्यात तो आपल्या भोळ्या साथीदाराला भागीदार करू इच्छितो, आणि का, तर तो त्याला आवडतो म्हणून. या चार वाक्यांत एक माणूस उभा राहतो. अशा चार वाक्यांना पैसा लागत नाही. ती मेस्कलेरोंच्या वाट्याला आली नाहीत, कारण ती तेथे आवश्यक आहेत असे कोणाला वाटलेच नाही. जॉन फोर्डच्या अधिक साधनसंपन्न ‘स्टेजकोच’मध्येही (१९३९) अपाचींना चेहरा नाही, यावरून दोष पैशाचा नव्हता हे स्पष्ट होते.

म्हणून या चित्रपटांना गरीब म्हणून सूट देणे हा त्यांचा गौरव नव्हे. अंध पतीच्या एका दर्शनाने प्रेक्षकाला आपला पूर्वग्रह ओळखावयास लावणारा चित्रपट त्याच कसोटीवर उतरण्याइतका मोठा आहे. ती कसोटी लावली असता तो अर्धा उतरतो. हे अर्धे यश अस्सल आहे. उरलेले अपयशही तितकेच अस्सल आहे.