सुगरणीचा खोपा कोण विणतो?

आपल्या घरांत मुलांसाठी विज्ञानाचे सचित्र पुस्तक येते ते बहुधा दोन कारणांनी. शाळेतल्या गुणांना हातभार लागावा म्हणून, नाहीतर आपल्या बुजुर्गांनी जगाला काय दिले हे मुलांना कळावे म्हणून. दोन्ही हेतू गैर नाहीत. पण एक तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. पुस्तक मिटल्यावर मूल उठून खिडकीपाशी जाते का? पानावर पाहिलेले झाडावर खरोखर तसेच आहे का, हे ताडून पाहावेसे त्याला वाटते का? विज्ञानाच्या बालपुस्तकाची माझ्या मते हीच खरी कसोटी आहे.

काही घरांत सजीवांच्या चित्रांविषयी संकोच असतो, हे मान्य. तरीही आपल्याच इतिहासातले एक उदाहरण विसरता येत नाही. १६१२ साली गोव्याहून जहांगीर बादशहाकडे काही अपूर्व प्राणी आणि पक्षी आले, त्यांत टर्की हा पक्षी होता. बाबराने प्राण्यांची वर्णने लिहिली, पण चित्रे काढवून घेतली नाहीत, अशी नोंद करून जहांगीरने त्यांची चित्रे काढण्याचा हुकूम दिला. उस्ताद मन्सूरचे मानले जाणारे टर्कीचे चित्र आजही पाहायला मिळते. गळ्याची लोंबती कातडी, पिसांची रचना, पायांची ठेवण यांत चित्रकाराने मनाचे काही घातलेले दिसत नाही. समोरच्या पक्ष्याशी चित्र इमान राखते. बालपुस्तकाच्या चित्रकाराकडूनही एवढेच मागायचे आहे.

या कसोटीवर आधी गौरवाची पुस्तके पाहू. इब्न अल-हैसम यांच्यावर अलीकडे बरीच बालपुस्तके निघाली. नॅशनल जिओग्राफिकने लहान वाचकांसाठी काढलेले त्यांचे चरित्र २०१६चे आहे. मुस्लिम मुलाला आपल्या परंपरेतला वैज्ञानिक पानावर भेटावा, ही चांगलीच गोष्ट आहे. पण अशा पुस्तकांच्या गर्दीत फेटा, दाढी, कैरोतली नजरकैद आणि शेवटी ‘महान’ हे विशेषण एवढ्यावरच पुष्कळदा भागवले जाते. अंधाऱ्या खोलीच्या भिंतीला बारीक छिद्र असेल, तर बाहेरचे दृश्य समोरच्या भिंतीवर उलटे पडते. हा प्रयोग बुटाच्या रिकाम्या खोक्यात, पातळ कागद लावून कोणतेही मूल करू शकते. तो प्रयोग नसेल तर ते पुस्तक विज्ञानाचे नव्हे, वंशावळीचे. जुन्या विद्वानांच्या ग्रंथांवरही डोळे मिटून विश्वास ठेवू नये, हे सांगणाऱ्या माणसावरच आपण मुलांना डोळे मिटून विश्वास ठेवायला शिकवतो, हा विरोधाभास नाही काय?

दुसरे उदाहरण जगप्रसिद्ध आहे. एरिक कार्ल यांचे ‘द व्हेरी हंग्री कॅटरपिलर’ हे पुस्तक १९६९ सालचे. भुकेली अळी सोमवारी एक सफरचंद खाते, मंगळवारी दोन नासपती, आणि पानांना खरोखरची भोके पडत जातात. आठवड्याचे वार आणि अंक शिकवणारे याहून गोड पुस्तक सापडणे कठीण. गोष्ट म्हणून त्यातल्या केक-आइस्क्रीमलाही हरकत नाही. तक्रार आहे ती याच पुस्तकावर फुलपाखराचे जीवनचक्र शिकवण्याची. अळीची आवड फार काटेकोर असते. लिंबाच्या फुलपाखराची अळी लिंबू, कढीलिंब, बेल अशा झाडांचीच पाने खाते. लहानपणी ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी होताना हिरवी होते. शिवाय कार्ल यांच्या पुस्तकात ती जे घर बांधून आत बसते, तसा रेशमी कोसला पतंगाच्या अनेक अळ्या विणतात. फुलपाखराची अळी सहसा कोसला विणत नाही. ती शेवटची कात टाकते आणि आतला कोश उघडा पडतो. मराठीत ‘कोसला’ आणि ‘कोश’ असे दोन शब्द आहेत. ते नीट वापरले, तर मराठी अनुवादात ही चूक सहज टाळता येईल. कुंडीतल्या कढीलिंबावर ती अळी शोधायला लावणारे पुस्तक आपल्याला हवे आहे.

तिसरे उदाहरण अगदी अंगणातले आहे, सुगरणीचे. नावच बाईचे. बहिणाबाईंच्या कवितेतही खोपा सुगरणच विणते, आणि कवितेच्या जागी ते सुंदरच आहे. पण विज्ञानाच्या पुस्तकात पिल्लांसाठी घर विणणारी आई दाखवली, तर ते असत्य ठरते. १९३० साली डॉ. सलीम अली यांनी अलिबागजवळच्या किहीम येथे या पक्ष्यांचे चिकाटीने निरीक्षण केले. खोपा नर विणतो. अर्धवट विणलेला खोपा मादी येऊन तपासते आणि पसंत पडला तरच स्वीकारते. मग नर तो पूर्ण करतो आणि दुसरा विणायला घेतो. अंडी उबवण्याचे काम मात्र मादीचे. हे चित्र खरे तर अधिक रंजक आहे, आणि विणकाम हे बाईचेच काम असे समजणाऱ्या मुलामुलींना विचारात पाडणारेही.

सलीम अलींच्याच घराण्यातल्या झई व्हिटेकर यांचे ‘सलीम मामू अँड मी’ म्हणूनच मला मोलाचे वाटते. घरातले सगळे पक्ष्यांचे जाणकार आणि त्यांत एका छोट्या मुलीलाच पक्षी ओळखता येत नाहीत, असा त्याचा विषय. थोर माणसाचा पुतळा उभारण्याऐवजी न येण्यापासून सुरुवात केल्यामुळे मूल त्या पुस्तकात सहज शिरते. त्यातला ‘मामू’ हा शब्दही आपल्या घरातला आहे.

घरात दखनी किंवा कोकणी, शाळेत उर्दू, मराठी वा इंग्रजी, अशी आपल्या मुलांची स्थिती आहे. ‘बया’ आणि ‘सुगरण’ ही दोन्ही नावे एकाच चित्राखाली छापली, तर मुलाला एक पक्षी आणि दोन भाषा मिळतील. त्यासाठी जास्त कागद लागत नाही.

मधमाशी, मुंगी आणि कोळी यांच्या नावांच्या सुरा असलेला कुरआन शरीफ ज्या घरात वाचला जातो, तिथल्या मुलाला मुंगीचे पाय पुस्तकातून पाठ करावे लागू नयेत. त्याने ते मोजावेत. आपल्या समाजाविषयी रोज काय काय छापून येते, हे वाचकांना सांगायला नको. छापले म्हणजे खरे, हा संस्कार आपल्या मुलांना परवडणारा नाही. मुंगीचे पाय मोजून पुस्तकातली चूक दाखवणारे मूल उद्या वर्तमानपत्रही डोळे उघडे ठेवून वाचेल.