आखडत्या हाताची करामत

आमच्या हिंगणी गावात संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना आटोपली की भजन लागतं. पेटी, तबला, टाळ आणि खंजिरी. नवशिक्या पोराच्या हाती खंजिरी आली की जागा मिळेल तिथे तो ती वाजवतो आणि सगळं भजन नुसतं खुळखुळत राहतं. मुरलेला वादक समेवर एक थाप देतो आणि हात आवरतो. किणकिण विरू देतो. ओळ संपता संपता दोन आडव्या थापा टाकतो आणि पुन्हा समेवर येऊन बसतो. ऐकणाऱ्याची मान डोलते ती त्या मधल्या मोकळ्या जागेत. अमेरिकेतल्या फंक बँडांची पन्नासहून अधिक वर्षांपूर्वीची रेकॉर्डिंग अजून शिळी का होत नाहीत, या प्रश्नाचं उत्तर मला या खंजिरीपाशी सापडतं.

अमेरिकन गायक जेम्स ब्राऊनचं ‘कोल्ड स्वेट’ हे गाणं 1967 साली आलं. तोवरच्या तिकडच्या नाचाच्या संगीतात जोर असायचा तो दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. ब्राऊनने तो पहिल्या मात्रेवर आणला आणि तिला नाव दिलं ‘द वन’. आपण तिला सम म्हणू. फरक इतकाच की आपली सम आवर्तन फिरून येते, फंकची दर चार मात्रांनी दार ठोठावते. एकदा ती पक्की झाली की बाकीच्यांना आडवंतिडवं चालायची मोकळीक मिळते. स्वरांचा पसारा कमी झाला, आणि गिटार, बेस, ट्रम्पेट, सॅक्सोफोन ही सगळीच तालवाद्यं होऊन बसली. प्रत्येकाच्या वाट्याला एवढासा तुकडा, आणि तो इमानाने सांभाळायचा.

न्यू ऑर्लिन्सच्या ‘द मीटर्स’चं ‘सिसी स्ट्रट’ (1969) या शिस्तीचा नमुना म्हणून ऐकावं. माणसं चार, वेळ जेमतेम तीन मिनिटं. गिटार आणि बेस एकच वाक्य एका तोंडाने बोलतात आणि गप्प होतात. ऑर्गन मागे सावलीसारखा असतो. त्या गप्प राहण्यात झिगाबू मोडेलिस्टचा ड्रम असा काही लंगडत, मुरडत पुढे येतो की पुढचं वाक्य कधी येतं याची ओढ लागते. कुणी तान घेत नाही, कुणी करामत दाखवत नाही. करामत आहे ती हात आखडता घेण्यात.

20 नोव्हेंबर 1969 रोजी सिनसिनाटीत ध्वनिमुद्रित झालेल्या ‘फंकी ड्रमर’मध्ये ब्राऊन वादकांना थांबवतो आणि ड्रमर क्लाइड स्टबलफील्डला बजावतो की एकल वादन नको, चाललंय तेच चालू दे. मग उरतात ते नुसत्या ड्रमचे सुमारे वीस सेकंद. पुढे हिप-हॉपवाल्यांनी हेच सेकंद कापून शेकडो गाण्यांखाली अंथरले. ते सुबक आहेत म्हणून टिकले नाहीत. दोन ठोक्यांमध्ये झिरपणारे हलके, जवळजवळ न ऐकू येणारे स्पर्श प्रत्येक फेरीत किंचित वेगळे पडतात, म्हणून ते जिवंत वाटतात. गाण्याच्या श्रेयात मात्र स्टबलफील्डचं नाव नव्हतं. 2017 साली तो गेला, तोवर त्या वीस सेकंदांवर इतरांची घरं उभी राहिली होती.

आपल्याकडे याची जोडीदार जागा म्हणजे मुंबई, ताडदेवचं फिल्म सेंटर. सत्तरच्या दशकात राहुलदेव बर्मन ऊर्फ पंचम यांची पलटण इथे बसायची. गायक आणि वादक एकाच वेळी ध्वनिमुद्रित व्हायचे, एकाची चूक झाली की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. ‘दम मारो दम’मध्ये (1971) भूपिंदर सिंग यांची गिटार आणि चरणजित सिंग यांचा ट्रान्सिकॉर्ड ही परदेशी रंगाची वाद्यं. पण पंचमच्या तालाचा कणा एकट्या पाश्चात्त्य ड्रमसेटवर कधीच उभा नव्हता. मारुतीराव कीर यांचा देशी ठेका आणि अमृतराव काटकर यांचं रेसो-रेसो त्याला बिलगून असायचं. रेसो म्हणजे खाचांवरून काडी ओढून काढलेली खरखर. मुद्दाम कान दिल्याशिवाय ती ऐकू येत नाही, पण काढून घेतली तर गाणं मटकन खाली बसेल. ड्रम सरळ चालतो, देशी ठेका किंचित झुलतो. या दोन चालींच्या घासण्यातून मुंबईच्या फंकची ठिणगी पडते.

हे म्हणताना एक गोष्ट नाकारता येत नाही. सिनेमाच्या गाण्याला मुखडा-अंतऱ्याचं जोखड असतं. पहिल्या वीस-तीस सेकंदांत जे झकास जमतं, ते अंतरा लागताच व्हायोलिनच्या ताफ्याखाली अनेकदा दबतं. अपवाद आशा भोसले. सांगली जिल्ह्यातल्या गोआरला जन्मलेल्या या बाईंनी श्वासालाही तालवाद्य केलं. ‘पिया तू अब तो आजा’ (1971) मधलं ते धापणं मात्रा धरून आहे. त्यांनीच गायलेल्या, कल्याणजी-आनंदजींच्या ‘डॉन’मधल्या (1978) ‘ये मेरा दिल’चा तुकडा 2005 साली अमेरिकेच्या ‘ब्लॅक आइड पीज’ने उचलला आणि त्यावर बेतलेल्या त्यांच्या गाण्याला ग्रॅमी मिळालं.

सिनेमाबाहेर बँड म्हणून उभं राहणं मुंबईत अवघडच होतं. ‘अॅटॉमिक फॉरेस्ट’ या बँडची ‘ऑब्सेशन’ ही तबकडी 1981 साली निघाली. ती एकसंध नाही, परदेशी गाण्यांच्या आवृत्त्यांची तिच्यात भेसळ आहे, पण वादकांनी एकमेकांकडे बघत वाजवल्याची ऊब तिच्यात जाणवते. 2011 साली एका अमेरिकन कंपनीने ती पुन्हा काढली. चरणजित सिंग यांनी 1982 साली यंत्रांच्या ठेक्यावर दहा राग बांधले. ते इथे विसरले गेले आणि 2010 साली नेदरलँड्समधून परत आले. आपलं सोनं दुसऱ्याने घासून दाखवल्यावर ओळखायची खोड जुनीच आहे.

ऐंशीच्या दशकात डिस्को आला आणि प्रत्येक मात्रेवर सारखाच धपका पडू लागला. सम उरली नाही, कारण सगळ्याच मात्रा सम झाल्या. आमच्या भागातल्या वरातींनी हाच प्रवास केला. डफडं आणि सनई गेली, बँडपार्टी आली, संदल आलं, आता डीजे. यंत्राला दोष देण्यात अर्थ नाही, कारण त्याच यंत्रावर हिप-हॉपवाल्यांनी कला केली. पण यंत्राला मोकळी जागा मुद्दाम मागावी लागते. न मागितल्यास ते सगळं भरून टाकतं. आणि मागणारा, म्हणजे हात आवरायला शिकलेला माणूस, कमी होत चालला आहे.

म्हणूनच या रेकॉर्डिंगची आजची गरज हळहळीपुरती नाही. त्या ऐकून शिकण्याच्या वह्या आहेत, आणि वह्यांवर लिहिणाऱ्याचं नाव हवं. आपल्या तबकड्यांच्या वेष्टनांवर संगीतकार, गीतकार, गायक यांची नावं असायची. वादक बहुधा ऑर्केस्ट्रा या एका शब्दात विरून जायचे. ब्रह्मानंद सिंग यांचा पंचमवरचा माहितीपट (2008) आणि ग्रेगरी बूथ यांचं मुंबईच्या स्टुडिओंवरचं पुस्तक (2008) यांनी ही माणसं बोलती केली. मराठीत असं काम अजून पुष्कळ व्हायला हवं. कीर, काटकर ही आपलीच नावं.

मध्यंतरी भजनानंतर मी आमच्या खंजिरीवाल्या काकांना मोबाइलवर ‘फंकी ड्रमर’चे ते वीस सेकंद ऐकवले. कोण वाजवतंय, कुठला आहे, काही विचारलं नाही त्यांनी. मांडीवर बोट ठेवलं. पहिल्या फेरीत ते नुसतं टेकलेलं होतं. दुसऱ्या फेरीपासून फक्त पहिल्या मात्रेवर पडू लागलं. मधलं सगळं त्यांनी त्या ड्रमरवर सोडून दिलं होतं.