गुन्हा दाखल झाला, गाणं ऐकायचं राहिलं

मंडळी, रॅपवरचं व्याख्यान पूर्णगडात कशाला, असं काहींच्या चेहऱ्यावर दिसतंय. पण गणपतीत ज्यांनी शक्ती-तुऱ्याचे सामने रात्रभर ऐकलेत, त्यांना यमकातून केलेला वार नवा नाही.

2023 च्या मार्च-एप्रिलमधली गोष्ट. छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगसेने एक रॅप समाजमाध्यमांवर टाकला. 2022 च्या सत्तांतरानंतर विरोधकांनी विधानभवनाच्या पायऱ्यांवर दिलेली 'पन्नास खोके'ची घोषणा, त्यावर तो उभा. शिंदे गटाच्या पदाधिकाऱ्याने तक्रार केली, अंबरनाथला गुन्हा दाखल झाला. पाठोपाठ उमेश खाडेच्या 'भोंगळी केली जनता'साठी मुंबईत वडाळ्याला. दोघं काही एकत्र गात नाहीत, जोडी जमवली ती बातम्यांनी.

मुंगसेच्या गाण्यात कुणाचंही नाव नाही. इथे तत्त्वज्ञानाच्या माणसाला थांबावंच लागतं. नाव नसलेला शब्द कुणाला लागला, हे ठरवतो कोण? 'चोर' हा शब्द गाणाऱ्याने लिहिला, पत्ता मात्र तक्रार करणाऱ्यांनी घातला. पोलिसांत जाऊन त्यांनी गाण्याचा उरलेला अर्थ पुरा केला!

आमचं खरं दुखणं पुढेच आहे. गुन्हा दाखल झाला आणि समीक्षा संपली. ज्यांना गाणं आवडलं नव्हतं तेही गप्प बसले. अटकेची टांगती तलवार असलेल्या पोराच्या यमकात खोट काढायची कशी? तर ती आता काढू या. मुंगसेचं गाणं घोषणेच्या पुढे जात नाही. ती लोकांच्या तोंडी आधीच होती. त्याने ताल दिला, अर्थ वाढवला नाही.

खाडेचं तसं नाही. त्याचं शीर्षकच बघा. 'भोंगळ' म्हटलं की आपल्याला आठवतो भोंगळ कारभार, म्हणजे गबाळा, ढिला. 'भोंगळी' म्हणजे चक्क नागडी. शहरी मराठीने सभ्य करून ठेवलेला शब्द त्याने पुन्हा उघडा केला. आणि 'केली' हे क्रियापद! जनता भोंगळी आहे असं तो म्हणत नाही, केली म्हणतो. केलं कुणी? कर्ता वाक्यातून गायब. आरोप आहे, आरोपी नाही. व्याकरणाचं एवढं भान आमच्या काही नामवंत कवींनाही नसतं, असो.

शक्ती-तुऱ्यात समोर प्रतिस्पर्धी शाहीर उभा असतो. पुराणातला दाखला चुकला, सवाल कच्चा निघाला, की भर मांडवात फजिती ठरलेली. त्या भीतीने शाहीर घासून तयार होतो. या दोघांना समोर शाहीर मिळालाच नाही, फौजदार मिळाला. फौजदार यमक तपासत नाही. सत्तेच्या बाजूने कुणी त्याच तालात उलट जवाब टाकला असता, तर मुंगसेला पुढचं गाणं अधिक घट्ट लिहावं लागलं असतं.