संपादकाचं बलुतं

आपल्या चळवळीत संपादकाला नमस्कार मिळतो, मोल मिळत नाही. त्याच्या नावाआधी त्यागी, झुंजार, निष्ठावंत अशी विशेषणं लागतात. अंक निघाला की कौतुकाची दोन पत्रं येतात आणि वर्गणी मात्र दहाजण बुडवतात. तो रात्री जागून दुसऱ्याचं लिखाण नीट करतो, प्रुफं वाचतो, कागदाची उधारी अंगावर घेतो. सुगीला खळ्याच्या कडेला उभं राहून पेंढी-पाचुंदा मागणाऱ्या बलुतेदारासारखी त्याची गत. बलुतेदाराच्या पदरात निदान सुगीला काहीतरी पडायचं.

बलुत्याविरुद्ध आपण बंड केलं, आणि आपल्याच संपादकासाठी नवं बलुतं सुरू केलं. हे बोलायला कटू आहे, पण बोललं पाहिजे. संपादन हा एक धंदा आहे. सुतारकाम, शिवणकाम शिकावं तसा तो शिकावा लागतो, आणि त्याचं मोल रोख द्यावं लागतं. हे मान्य करायला आपण अजून तयार नाही. त्याचा परिणाम आपल्या साहित्यावर काय झाला, ते इथं तपासायचं आहे.

उदाहरणं लांबची नकोत. सातारा आणि सांगली हा एकच पट्टा. 1960 साली दक्षिण साताऱ्याचं नाव सांगली जिल्हा झालं एवढंच. 7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत एका मुलाचं नाव दाखल झालं, तो पुढं बाबासाहेब झाला. अण्णा भाऊ साठे वाटेगावचे. शंकरराव खरात आटपाडीचे. बाबासाहेबांचे चरित्रकार चांगदेव खैरमोडे पाचवडचे. 'उपरा'कार लक्ष्मण माने फलटण तालुक्यातले, आणि 'जिणं आमुचं' लिहिणाऱ्या बेबीताई कांबळे फलटणच्याच. लेखकांची अशी रांग आपण एका दमात सांगतो. याच पट्ट्यातले संपादक सांगा म्हटलं, तर जीभ अडखळते. का?

1920 साल घ्या. त्या वर्षी 31 जानेवारीला मुंबईत 'मूकनायक' निघालं. त्याच वर्षी किर्लोस्करवाडीतून 'किर्लोस्कर खबर' निघू लागली. एका बाजूला लोखंडी नांगर बनवणारा कारखाना, त्याची गिऱ्हाईकं, त्याचा माल. कारखान्याच्या जोरावर शंकरराव किर्लोस्करांनी मासिक उभं केलं. ते स्वतः चित्रकार, मासिक कसं दिसावं याची त्यांना जाण. पुढं 1930 साली 'स्त्री' आलं, त्यानंतर 'मनोहर' आलं. मराठीत संपादन हा धंदा म्हणून कसा करायचा, हे या वाडीनं दाखवलं.

दुसऱ्या बाजूला 'मूकनायक'. शाहू महाराजांनी दिलेले 2500 रुपये हे त्याचं भांडवल. बाबासाहेब सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक, म्हणून संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकरांचं. पैसे देऊन जाहिरात छापा म्हटलं, तर 'केसरी'नं तीही छापली नाही. 1923 पर्यंत पत्र बंद पडलं. तळमळीत, विचारात, भाषेत 'मूकनायक' कुठं कमी होता? तो कमी पडला तो भांडवलात आणि जाहिरातीत. ज्या वाचकासाठी तो काढला, त्याच्या खिशात पैसा नव्हता आणि बहुतेकांना अक्षरही येत नव्हतं. संपादकाच्या टेबलामागं कोण उभा आहे, कारखाना की उपाशी वस्ती, यावर पत्राचं आयुष्य ठरतं. गुणवत्तेच्या गप्पा मारणारे प्रस्थापित समीक्षक हा हिशेब कधी मांडत नाहीत.

बाबासाहेबांनी तो मांडला. 3 एप्रिल 1927 ला 'बहिष्कृत भारत' निघालं. अंकाचे चोवीस-चोवीस रकाने ते एकहाती लिहीत. 1928 च्या फेब्रुवारीत त्यांनी अग्रलेखातूनच वाचकांपुढं पत्राच्या ऋणाचा सवाल टाकला. समाजासाठी चालवलेल्या पत्राचं देणं हे समाजाचं देणं आहे की नाही, असा रोखठोक प्रश्न. आपण त्यातला त्याग तेवढा उचलला. हिशेब विसरलो. चोवीस रकान्यांची गोष्ट भाषणात सांगून टाळ्या घेणारा कार्यकर्ता पत्राची वर्गणी भरतो का, हे त्याचं त्यानं तपासावं.

शंकरराव खरातांनी 'प्रबुद्ध भारत'चं संपादन केलं. आपण त्यांना 'तराळ-अंतराळ'साठी ओळखतो, कथाकार म्हणून ओळखतो, कुलगुरू म्हणून ओळखतो. संपादक म्हणून त्यांनी काय घडवलं, यावर किती लेख निघाले? खैरमोड्यांच्या चरित्राचा पहिला खंड 1952 साली आला. 1971 साली ते वारले, तेव्हा बरंच हस्तलिखित छापायचं राहिलं होतं. चरित्र बारा खंडांचं झालं ते त्यांच्या पत्नी द्वारकाबाईंनी पुढचे खंड चिकाटीनं प्रकाशात आणले म्हणून. गेलेल्या माणसाचे कागद सांभाळणं, ते पुस्तकापर्यंत नेणं, हे संपादनाचंच अंग आहे. पण आपल्या संपादकांच्या यादीत द्वारकाबाईंचं नाव कोण घेतो? बाईनं केलं की ती सेवा, पतिनिष्ठा. पुरुषानं केलं की तो त्याग. धंदा, कसब, विद्या हे शब्द दोघांच्याही वाट्याला नाहीत.

मग आपल्या पुस्तकांना हात कुणी लावला? बऱ्याच वेळा प्रस्तावनाकारांनी. 'फकिरा' 1959 साली आली, तिला वि. स. खांडेकरांची प्रस्तावना. 'गोलपिठा' 1972 साली आला, त्याला विजय तेंडुलकरांची. दोघांनी मनापासून लिहिलं, त्यांच्याशी भांडण नाही. पण प्रस्तावना म्हणजे वेशीवर दाखवायचा दाखला. हा माणूस आत यायच्या लायकीचा आहे, असं आतल्या माणसानं लिहून दिलेलं. संपादन हे घरातलं काम. कोणता प्रसंग आधी, कोणता नंतर, कुठं तेच ते पुन्हा आलं, कुठं वाचक हरवतो, हे लेखकाशेजारी बसून, वेळप्रसंगी भांडून ठरवायचं. दाखले आपल्याला पुष्कळ मिळाले. शेजारी बसणारा माणूस क्वचित मिळाला.

आता कसबाकडं येऊ. लाल पेन्सिल हातात आली की पहिला वार भाषेवर होतो. 1962 च्या शुद्धलेखनाच्या नियमांत बोलीतल्या रूपांना जागा आहे, पण कुठं? एखाद्याचं बोलणं जसंच्या तसं द्यायचं असेल तिथं, नाहीतर तशाच धर्तीच्या लिखाणात. एरवी 'असे केले', 'असे सांगितले'. म्हणजे आमची भाषा अवतरणचिन्हांच्या वाड्यात, आणि निवेदनाचा गाव पांढरपेशांचा! 'जिणं आमुचं' या नावातले ते दोन अनुस्वार बघा. नियमावर बोट ठेवणाऱ्या संपादकानं त्याचं 'आमचे जीवन' केलं असतं. अर्थ तोच राहिला असता आणि पुस्तक मेलं असतं.

शब्दांचंही तसंच. कुणी लिहिलं, 'आज आमची येसकरपाळी हुती.' संपादक त्याचं करतो, 'आज आमच्यावर गावकामाची पाळी होती.' वाक्य स्वच्छ झालं. पण येसकरपाळी म्हणजे नुसतं काम नव्हे. त्यात महारवाड्यातल्या घरांची आळीपाळी आहे, वेशीवरची राखण आहे, सांगावा घेऊन जाणं आहे, आणि दारोदार मागितलेली शिळी भाकर आहे. 1958 च्या कायद्यानं गावकामगारांची वतनं गेली, त्यात महारवतनही गेलं. तो शब्द पुसला तर ती गुलामगिरी कशी चालायची याचा पुरावाच पुसला. जाणता संपादक तो शब्द ठेवतो, आणि पुढच्या दोन वाक्यांतून त्याचा अर्थ वाचकाला आपोआप कळेल अशी मांडणी लेखकाकडून करून घेतो.

पण मित्रांनो, दुसरी बाजूही ऐका. प्रत्येक चूक म्हणजे विद्रोह नाही. एकाच पानावर एक शब्द तीन तऱ्हेनं लिहिला, तर ती बोली नसते, हयगय असते. चवदार तळ्याचा सत्याग्रह 20 मार्च 1927 चा आणि मनुस्मृतीचं दहन 25 डिसेंबर 1927 चं. या दोन्ही घटना एकाच दिवशी घडल्याचं लिहिणारे आपल्यात आहेत. 'आशय महत्त्वाचा, तारखेचं काय घेऊन बसलात' म्हणून ते संपादकाला झटकतात. विरोधक नेमकी तीच तारीख पकडतो आणि सगळा लेख उडवून लावतो. नावं, गावं, सनावळ्या पडताळून घेणं हे संपादकाचं निम्मं काम. ज्याला हा कंटाळा आहे त्यानं भाषणं करावीत, लिहू नये.

स्टेन्सिल कापणाऱ्याला एक गोष्ट ठाऊक असते. अक्षर चुकलं तर वर द्रव लावा, वाळेपर्यंत थांबा, मग पुन्हा टोचा. म्हणून तो कापायच्या आधी दहादा वाचतो. मोबाइलवर टाइप करून पंधरा दिवसांत पुस्तक काढणाऱ्याला हा धाक नाही. पुस्तकांचा ढीग वाढतोय. छपाईवाल्याला पैसे पोचतात, मुखपृष्ठवाल्याला पोचतात, प्रकाशन समारंभाच्या हारतुऱ्यांना पोचतात. संपादकाच्या नावावर शून्य.

बेबीताईंचं पुस्तक या सगळ्याच्या मधोमध उभं आहे. फलटणला दुकान चालवणारी बाई. पुड्या बांधायला येणाऱ्या रद्दीतून ती वाचत राहिली, चोरून वह्या भरत राहिली, आणि घरच्यांपासून त्या वर्षानुवर्षं लपवल्या. फलटणला येऊन राहिलेल्या भाषाभ्यासक मॅक्सीन बर्नसन यांना त्या लिखाणाचं मोल कळलं, त्यांनी ते बाहेर काढायला लावलं. 1982 साली ते 'स्त्री'त क्रमशः आलं, 1986 साली पुस्तक झालं. म्हणजे पुन्हा किर्लोस्करांच्याच घराण्यातलं मासिक, जे तोवर पुण्याचं झालं होतं. आपल्या बाईच्या वह्यांना वाट मिळाली ती परदेशातून आलेल्या बाईमुळं आणि कारखानदारांनी उभ्या केलेल्या मासिकामुळं. त्यांचे आभार मानू. पण त्या सगळ्या वर्षांत आपली पत्रं, आपले अंक, आपले कार्यकर्ते कुठं होते? जयंतीला फलटणला भाषण करून गेलेल्यांपैकी किती जणांनी विचारलं, 'ताई, तुम्ही काही लिहिता का?' संपादकाचं पहिलं काम हे विचारणं आहे.

आणि दुसरं काम आणखी अवघड. या पुस्तकात 'मी' थोडी आणि 'आम्ही' फार. बाईनं वस्तीचं दुःख मांडलं, स्वतःचं झाकलं. नवऱ्यानं केलेल्या मारहाणीबद्दल ती बोलली ती पुढं, इंग्रजी अनुवादाला जोडलेल्या मुलाखतीत. एखादा संपादक 'आत्मकथनात मी हवा' म्हणून हट्टानं ते घुसडायला लावेल. दुसरा 'समाजाची बदनामी होईल' म्हणून असलेलंही कापेल. दोघेही नालायक. संपादकानं विचारावं, आणि लेखिकेचं उत्तर मान्य करावं. ते 'आम्ही' तिनं निवडलेलं आहे, तीच त्या पुस्तकाची ताकद आहे. पण विचारणारं माणूस शेजारी हवं होतं, ही उणीव उरतेच.

कुणी म्हणेल, सरकारनं संपादक नेमावेत. नेमले की! बाबासाहेबांचं लेखन आणि भाषणं 1979 पासून महाराष्ट्र सरकारनं छापली, वसंत मून यांनी ती संपादित केली. डोंगराएवढं काम. पण 1987 साली चौथ्या खंडात 'रिडल्स' आलं आणि राम-कृष्णावरचं परिशिष्ट काढा म्हणून दंगा सुरू झाला. आपले लोक रस्त्यावर आले म्हणून तो मजकूर वाचला, तोही सरकार या मतांशी सहमत नाही अशी टीप लावून. ज्याचा पैसा, त्याचा दाब. म्हणून संपादकाचं मोल आपणच दिलं पाहिजे.

ते कुठून आणायचं? एप्रिलच्या वर्गणीचा कागद काढा. मांडव, स्पीकर, मिरवणूक, सगळ्यांचे आकडे आहेत. त्यात एक ओळ वाढवा. त्या पैशातून तालुक्यातल्या दोन पोरा-पोरींना हा धंदा शिकू द्या. मुद्रितशोधनाच्या खुणा, पडताळणी, करारपत्र, सगळं. लेखकाला विचारल्याशिवाय ओळ कापायची नाही, मूळ वही जपून ठेवायची, पुस्तकावर संपादकाचं नाव छापायचं, आणि काम झाल्यावर ठरलेली रक्कम हातावर ठेवायची, हे नियम पहिल्या दिवसापासून. आणि 'आपला माणूस' म्हणून फक्त वाहवा करणारा संपादक नेमू नका. तो पेन्सिलच उचलणार नाही.

सातारा-सांगलीच्या वस्त्यांतून आजही वह्या लपलेल्या असतील. त्या उघडायला जाल, तेव्हा हार नेऊ नका. पेन्सिल न्या, दोन दिवसांचा वेळ काढून जा, आणि जो वाचायला बसेल त्याची मजुरी बरोबर ठेवा.