आपत्कालीन निवाऱ्याची रचना : तिवरे येथील कंटेनर-वस्तीच्या संदर्भात एक चिकित्सा

आपत्तीनंतरच्या निवाऱ्याचा विचार बहुधा किंमत, वजन आणि वाहतूक या तीन निकषांवर केला जातो. त्यात माणसे कोणत्या ऋतूत व किती काळ राहणार, हा चौथा निकष दुर्लक्षित राहतो. रत्नागिरी जिल्ह्याच्या अनुभवातून ही उणीव स्पष्ट होते.

२ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटून भेंदवाडीतील घरे वाहून गेली. वीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. वाचलेल्या कुटुंबांना कंटेनरमध्ये आसरा देण्यात आला. भर पावसात त्वरित उपलब्ध होणारा हा पर्याय तातडीच्या गरजेस अनुरूप होता, हे मान्य केले पाहिजे. परंतु 'तात्पुरता' मुक्काम एका पावसाळ्यात संपला नाही. मुक्काम लांबला की अशा रचनेच्या मर्यादा उघड होतात. पत्रा उन्हात तापतो, चुलीला जागा उरत नाही आणि पडवी व खळे यांवाचून कोकणी घराचे निम्मे व्यवहार खुंटतात. रहिवाशाला त्यात स्वतःच्या हाताने बदलही करता येत नाही. तरीही रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीच्या २०२३ मधील दरडीनंतर हाच मार्ग पुन्हा अवलंबण्यात आला.

याउलट, २००१ च्या भूकंपानंतर जपानी वास्तुशिल्पी शिगेरू बान यांनी भूज येथे कागदी नळ्यांची घरे उभारली. पाया पडलेल्या इमारतींच्या राडारोड्याचा होता. छपरात बांबू व विणलेल्या चटया वापरून मध्ये ताडपत्री घातली होती. चटयांच्या छिद्रांतून हवा खेळत असल्याने आत स्वयंपाक शक्य होई. कोकणच्या पावसात कागदी भिंत कितपत टिकेल, ही शंका रास्त आहे. तथापि अनुकरणीय आहे ती पद्धती, सामग्री नव्हे. बांबूचे वासे, कारवीचा कूड, झावळ्यांचे झाप आणि सुंभ ही येथील सामग्री डोंगरवाटेने खांद्यावर नेता येते व मोडल्यास गावातच दुरुस्त होते. मात्र परंपरेचा गौरव पुरेसा नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगड परिसरातील असंख्य छपरे उडवली. त्यामुळे छपराची बांधणी आणि जमिनीतील पकड यांची शास्त्रीय चाचणी अपरिहार्य ठरते.

सारांश, सुवाह्यता म्हणजे केवळ ट्रकवर चढवता येणे नव्हे. विस्थापितांना निवारा स्वतः उचलता, जोडता आणि वाढवता आला पाहिजे. अशा नमुन्यांची चाचणी अभियांत्रिकी व समाजशास्त्र या विद्याशाखांनी मिळून पावसाळ्यापूर्वी करणे आवश्यक आहे. दरड कोसळल्यानंतर त्यासाठी वेळ उरत नाही.