‘९० टक्के अचूक’, पण कोणाच्या तुलनेत? एएलएसच्या चाचण्यांवरचे पेपर वाचताना

एएलएसच्या नव्या रक्तचाचणीचा, ९० टक्क्यांच्या आसपास अचूकता सांगणारा पेपर अधूनमधून समोर येतोच. बऱ्याचदा विषय असतो न्यूरोफिलामेंट लाइट चेन, म्हणजे चेतातंतूंना इजा झाली की मणक्यातल्या पाण्यात आणि थोडं रक्तात उतरणारं प्रथिन. एएलएसमध्ये ते वाढतं, हे खरंच आहे. माझी तक्रार प्रथिनाबद्दल नाही, तुलनेबद्दल आहे. पेपर उघडून आधी बघा, समोरच्या गटात कोण बसवलंय. पुष्कळदा तिथे असतात धडधाकट माणसं.

पण धडधाकट माणसाला एएलएस आहे का, हे ओपीडीत कोण विचारतं? पिंपरी-चिंचवडच्या एखाद्या न्यूरॉलॉजी ओपीडीत कोण येईल, कल्पना करा. चाकणच्या कंपनीतला पंचावन्न वर्षांचा फिटर. पकड सुटतेय, आणि मानेच्या एमआरआयमध्ये स्पाँडिलोसिस दिसतो, कारण त्या वयात तो कितीतरी जणांना असतो. आयटीआय करून ट्रेनी लागलेला वीस वर्षांचा मुलगा. एकाच हाताचा पंजा बारीक होतोय, थंडीत बोटं जास्तच अडतात. हा हिरायामा डिसीज असू शकतो. भारतातून त्याच्या बऱ्याच नोंदी आहेत, काही वर्षं तो वाढतो आणि मग बहुधा थांबतो. साध्या एमआरआयमध्ये तो निसटू शकतो, मान पुढे वाकवून एमआरआय काढावा लागतो. शिशाशी रोजचा संबंध येणारा बॅटरी कामगार, ज्याचं मनगट उचलत नाही. शिवाय मल्टिफोकल मोटर न्यूरोपथी, जिच्यावर इम्युनोग्लोब्युलिनचा उपचार आहे. यातल्या कोणावर चुकून एएलएसचा शिक्का बसला, तर बरं वाटू शकलं असतं असा माणूस आशा सोडून घरी बसतो. उलटही होतं: एएलएसच्या पेशंटचं मानेचं ऑपरेशन होतं, त्यात महिने आणि पैसे दोन्ही जातात.

क्वालिटीत काम केलेल्या कोणालाही हे सांगावं लागत नाही. गो-नो गो गेजची एमएसए करताना सीमारेषेवरचे पार्ट मुद्दाम मिसळतात. नुसते चकचकीत आणि नुसते तुटलेले पार्ट दिले तर कुठलाही इन्स्पेक्टर पास होईल! रॅन्सोहॉफ आणि फाइनस्टाइन यांनी वैद्यकीय चाचण्यांबद्दल हेच १९७८ मध्ये लिहिलं होतं. १९९९ मध्ये लाइमर आणि सहकाऱ्यांनी ‘जामा’मध्ये दाखवलं, की पक्के पेशंट विरुद्ध वेगळा निवडलेला गट अशी रचना असली की डायग्नॉस्टिक ऑड्स रेशो साधारण तिप्पट फुगतो.

आकड्यात बघू. समजा सेन्सिटिव्हिटी ९० टक्के, स्पेसिफिसिटीही ९०. अभ्यासात १०० पेशंट आणि १०० निरोगी घेतले, तर १०० पॉझिटिव्हपैकी ९० खरे. झकास. आता तीच चाचणी हातापायात अशक्तपणा घेऊन आलेल्या १००० जणांवर लावा आणि त्यात एएलएस २० जणांना आहे असं धरा. खरे पॉझिटिव्ह १८, खोटे ९८. म्हणजे सहातला एकसुद्धा खरा नाही. त्यातही स्पेसिफिसिटी ९० राहीलच असं नाही, कारण हे प्रथिन इतर चेताविकारांतही वाढतं.

दुसरी भानगड ‘खरं निदान’ कशावरून ठरवलं याची. आवाजी निकषांनी (२००८) ईएमजीतल्या खुणांना प्रत्यक्ष तपासणीइतकंच वजन दिलं. मग ईएमजीची अचूकता मोजणाऱ्या पेपरात अंतिम निदानही त्याच ईएमजीवर बेतलेलं असेल, तर परीक्षा देणारा आणि पेपर तपासणारा एकच झाला की.

२०२० च्या गोल्ड कोस्ट निकषांनी एल एस्कोरियलच्या ‘डेफिनिट, प्रॉबेबल, पॉसिबल’ या पायऱ्या काढून टाकल्या. मला हे पटतं. काही पेशंट ‘पॉसिबल’वर असतानाच दगावत. पण नव्या निकषांत शरीराच्या दोन भागांत नुसत्या लोअर मोटर न्यूरॉनच्या खुणा असल्या तरी चालतात. त्यामुळे मल्टिफोकल मोटर न्यूरोपथी वेगळी काढण्याचा बराच भार नर्व्ह कंडक्शनवर येतो. तेव्हा गोल्ड कोस्ट वापरलेला पेपर हातात आला, की मेथड्समध्ये दोन गोष्टी शोधा: कंडक्शन ब्लॉक किती नसांत तपासला, आणि निदान किती महिन्यांच्या फॉलोअपनंतर पक्कं केलं.